गोष्ट कागदावर येताना कुठे सांडते?

प्रश्न एका तरुण शिक्षिकेचा आहे. त्यांच्याकडे दुसरी-तिसरीचा जोडवर्ग आहे. शिवनेरीची सहल झाल्यावर त्यांनी मुलांना ‘आमची सहल’ लिहायला दिलं. एकाने सुरुवातच घरी परत आल्यापासून केली. एकीच्या पानभर लिखाणात सतरा वेळा ‘मग’ आलं. एकजण कडेलोट टोकावरून थेट सकाळी डबा भरण्यावर आला. त्यांनी फळ्यावर ‘प्रथम, त्यानंतर, पुढे, अखेरीस’ असे शब्द लिहून दिले, तरी फरक पडला नाही. ‘घटना क्रमाने लिहायला मुलांना शिकवायचं तरी कसं?’ असं त्यांनी विचारलं आहे.

मी 27 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवते आहे, त्यातली 20 पहिली ते चौथीवर गेली. तुमचा प्रश्न वाचला आणि कपाटात जपून ठेवलेल्या मुलांच्या जुन्या वह्याच डोळ्यांपुढे आल्या. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे सांगते की तुमच्या मुलांना क्रम येतो. ज्या मुलाने परतीपासून लिहिलं, त्याला मधल्या सुट्टीत जवळ बसवा आणि विचारा, ‘बस कुठे थांबली रे? मग?’ तो पायथ्यापासून सातही दरवाजे चढवून तुम्हाला वर नेईल. अंबरखाना दाखवेल, शिवजन्माची इमारत दाखवेल, बदामी तलावाजवळ कोण घसरलं तेही सांगेल आणि एक पायरी चुकणार नाही. चार वर्षांचं मूल सांगताना बेडकासारख्या उड्या मारतं, इथलं तिथे करतं. ॲलिसा मॅकेब आणि कॅरोल पीटरसन या दोन अभ्यासक बायांनी 1980च्या दशकात मुलांच्या शेकडो हकिगती तपासून हेच नोंदवलं होतं. पण सात-आठ वर्षांचं मूल स्वतःवर बेतलेला प्रसंग तोंडाने बऱ्यापैकी सरळ सांगतं. क्रम तोंडापर्यंत शाबूत असतो. सांडतो तो तोंडातून कागदावर येताना. म्हणून फळ्यावरच्या शब्दांनी फरक पडला नाही. ते ज्या दुखण्यावरचं औषध आहे, ते दुखणं या मुलांना नव्हतंच.

सांडतो का, तेही बघू. एक तर हात हळू चालतो. दुसरीतलं मूल ‘शिवनेरी’ लिहिताना पहिली वेलांटी की दुसरी यावर अडतं, ‘वर’ लिहून ‘च’ गिळतं, खोडतं, खोडरबर शेजारच्याकडे असतं ते मागतं. एवढं करून मान वर करतं तोवर डोक्यात तयार असलेली पुढची तीन वाक्यं उडून गेलेली असतात. मग जे सगळ्यात वर तरंगत असतं ते लिहितं. वर काय तरंगत असतं? बसमध्ये झालेली उलटी, माकडाने पळवलेला केळ्याचा घड, घरी आल्यावर लागलेली झोप.

दुसरं म्हणजे कागद प्रश्न विचारत नाही. तोंडी सांगताना आपण ‘कोण?’, ‘अगं पण ती तिथे आली कशी?’ असं मध्ये विचारत असतो. निम्मी गोष्ट आपण तिच्याकडून काढून घेत असतो आणि तिला वाटतं आपण सांगितली. कागदापुढे ती एकटी पडते. शिवाय वाचणाऱ्या बाई सहलीला बरोबरच होत्या, त्यांना सगळं माहीतच आहे!

तिसरं कारण मात्र आपल्याकडे आहे, मुलांकडे नाही. ‘आमची सहल’ हा विषय या वयाला भलताच रुंद आहे. सकाळी पाचपासून रात्री आठपर्यंत चाळीसेक गोष्टी घडल्या आणि त्यातल्या बहुतेकींचा एकमेकींशी संबंध नाही. ‘आम्ही अंबरखाना पाहिला. आम्ही डबा खाल्ला. आम्ही गाणी म्हटली.’ ही तीन वाक्यं उलटसुलट करा, कोणाचं काही बिघडत नाही. मग मुलाने क्रम सांभाळावा तरी कशासाठी? आता ही वाक्यं बघा: ‘तिसऱ्या दरवाज्याशी माझी चप्पल तुटली. मी अनवाणी चालले. पायात काटा गेला. बाईंनी पिन काढून काटा काढला.’ यातलं एक वाक्य हलवून दाखवा! विल्यम लबॉव आणि जोशुआ वॉलेट्झ्की या अभ्यासकांनी 1967 साली कथनाची व्याख्या करताना हीच कसोटी धरली होती: निदान दोन वाक्यं अशी हवीत, की त्यांची अदलाबदल केली तर काय घडलं त्याचा अर्थच बदलेल. मी ही कसोटी वाक्यपट्ट्यांवर रोज वापरते. पट्ट्या खालीवर करायच्या आणि मुलांना विचारायचं, ‘चालेल का?’ ‘चालेल’ असा गलका झाला तर ती यादी आहे. ‘नाही बाई, काटा आधी कसा निघंल!’ असं कोणी ओरडलं की समजायचं, गोष्ट सापडली.

म्हणून विषय अरुंद करा. ‘सहलीत तुझ्यावर आलेली एक वेळ’, ‘माझी वस्तू हरवली’, ‘मी खोटं बोललो आणि पकडलो गेलो’, ‘घरात कुत्रं शिरलं तेव्हा’. दहा मिनिटांत घडून संपलेला प्रसंग असावा. जिथे काहीतरी बिघडतं आणि कोणीतरी ते निस्तरतं, तिथे एक घटना दुसरीला जन्म देते आणि क्रम आपोआप घट्ट बसतो. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की ‘त्यानंतर’ शिकवून क्रम येत नाही. ‘म्हणून’ सापडला की येतो.

एक वही जवळून दाखवते. तिसरीतल्या एका मुलाने लिहिलं होतं:

‘आमच्या गाईला कालवड झाली. मी खरवस खाल्ला. बाबा डाक्टरला आणाया गेले. पाऊस आला. गाय वरडत होती. मग मी झोपलो.’

पहिल्यांदा वाचलं तर सगळं उलटंपालटं वाटतं. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. कालवड झाली ही बातमी, म्हणून ती आधी. खरवस हा आनंद, तो लगेच मागोमाग. दारात पाहुणा आला तर आपणही आधी ‘गाय व्याली’ हेच सांगतो, पावसापासून सुरुवात करत नाही. म्हणून मी त्याला ‘चुकलं’ म्हटलं नाही. ‘कालवड झाली! कुठल्या रंगाची?’ असं म्हटलं. तांबडी, कपाळावर ठिपका. मग विचारलं:

‘तू झोपलास कधी? कालवड झाल्यावर?’

‘नाय बाई. आधीच झोपलो व्हतो. गाय वरडाया लागली म्हणून जागा झालो.’

‘मग?’

‘बाबा गाडी काढून डाक्टरला आणाया गेले. लई पाऊस. त्यो यायच्या आतच गाय याली.’

‘अरे, मग तिथे होतं कोण?’

‘आजी! आजीनंच वढली कालवड. मी बॅटरी धरली.’

बघा, आजी वहीत कुठेच नव्हती. बॅटरी धरून उभा असलेला तो स्वतःही नव्हता. आपल्याला क्रम बिघडलेला दिसतो तिथे बहुतेक वेळा मधली एखादी घटना गळून पडलेली असते आणि ती भरली की बाकीच्या आपापल्या जागी सरकतात. ‘क्रम लाव’ असं म्हणून मी त्याला वही परत दिली असती, तर त्याने त्याच सहा वाक्यांना एक ते सहा आकडे घातले असते आणि आजी कायमची बाहेर राहिली असती.

त्यानंतर आम्ही ओट्यावर गेलो. ठिकरी खेळायला आखतात तसे खडूने सहा चौकोन आखले. एका चौकोनात उभं राहून एकच घटना सांगायची आणि पुढच्यात उडी मारायची. तो पहिल्या चौकोनात डोळे मिटून झोपला. दुसऱ्यात दचकून उठला. तिसऱ्यात त्याचे बाबा गाडी काढून गेले, चौथ्यात पाऊस. पाचव्यात त्याने बॅटरी धरली आणि आजी झालेल्या मैत्रिणीने ओढायची नक्कल केली. सहाव्यात सकाळ झाली. दोन-तीनदा उड्या मारून झाल्यावर ‘चौथ्या घरातलं तिसऱ्यात टाक की’ असं दुसऱ्या मुलाने सुचवलं आणि दोघांचा वाद झाला: पाऊस बाबा जायच्या आधी सुरू झाला की नंतर? तो घरी जाऊन आजीला विचारून आला. दुसऱ्या दिवशी वहीत हे होतं:

‘रात्री मी झोपलो होतो. गाय वरडायला लागली म्हणून मी जागा झालो. पाऊस लई होता. तरी बाबा डाक्टरला आणाया गेले. डाक्टर यायच्या आतच गाय याली. आजीने कालवड वढली आणि मी बॅटरी धरली. सकाळी आईने खरवस केला. मी दोन वाट्या खाल्ला.’

त्यात ‘तरी’ हा शब्द आला आहे बघा. तो मी शिकवला नव्हता. पाऊस आधी होता हे आजीकडून पक्कं कळलं आणि मग ‘तरी’शिवाय बाबांचं जाणं सांगताच येईना.

‘वरडायला’, ‘याली’, ‘वढली’ मी तसंच ठेवलं. पहिल्या लिखाणात घरची बोली सुधारत बसलं की मूल गोष्ट सोडून शब्दांची राखण करायला लागतं. आमच्याकडे ठाकर आणि महादेव कोळी समाजाची मुलं पुष्कळ. त्यांच्या घरच्या शब्दांवर लाल रेघ मारली की वर्षभर ती दोन ओळींच्या पुढे जात नाहीत. प्रमाण भाषेचं रूप शेवटच्या वाचनात, बोलता बोलता देता येतं.

हा चौकोनांचा खेळ तुम्हाला रोज जमणार नाही, मलाही जमत नाही. पाऊस असला की कागदाची घडी घालायची. एक कोरा कागद दोनदा दुमडला की चार घरं होतात. प्रत्येक घरात एक चित्र, तेही काडीच्या माणसांचं. रंग द्यायचे नाहीत. रंगपेटी निघाली की तास त्यातच जातो. चित्र काढून झालं की मुलाने तो कागद हातात धरून तीन वेगवेगळ्या जणांना गोष्ट सांगायची: एक शेजारचा, एक चौथीतलं मूल आणि एक अशी व्यक्ती जी त्या प्रसंगाला हजर नव्हती. ही तिसरी फार महत्त्वाची. आमच्या शाळेत हे काम पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी वर्षानुवर्षं केलं. त्या भाजी चिरता चिरता ‘आरं पण कोंबडी सुटली कशी?’ असं विचारायच्या आणि मूल परत येऊन घडीच्या कडेला एक पाचवं चित्र काढायचं. तीनदा सांगून झालं की वाक्यं ओठांवर बसतात. मग हात कितीही हळू चालला तरी ती उडत नाहीत.

मगच वही. पहिल्यांदा लिहिताना शुद्धलेखन तपासू नका आणि पानाची एक बाजू कोरी ठेवायला सांगा, म्हणजे राहिलेलं वाक्य बाण काढून आत घेता येतं. ज्यांचा हात अजून अक्षरांवरच अडतो त्यांचं तुम्ही लिहून घ्या, अगदी ते बोलतील तसं. त्यांच्या तोंडचं वाक्य तुमच्या अक्षरात फळ्यावर उमटताना बघणं हासुद्धा लेखनाचा धडाच आहे. जोडवर्ग असल्याने हे लिहून घ्यायचं काम तिसरीची मुलं दुसरीच्यांसाठी करू शकतात. लिहिणारा अडला की स्वतःच विचारतो, ‘अरे, पण आधी काय झालं ते सांग ना!’ आणि पुढे स्वतःच्या वहीवर बसतो तेव्हा तो प्रश्न त्याच्या डोक्यात राहिलेला असतो.

आता त्या ‘मग’विषयी. सतरा ‘मग’ लिहिणारी तुमची मुलगी वर्गात सगळ्यात पुढे असण्याची शक्यता आहे. तिने सतरा घटना ओळीने धरून ठेवल्या आहेत. ‘मग’ हा कच्चा टाका आहे. शिवण पक्की होईपर्यंत तो लागतो. मी एकदा ‘मग’वर बंदी घातली होती आणि तुमच्यासारखेच फळ्यावर शब्द लिहिले होते. एका मुलीने लिहून आणलं: ‘प्रथम मला एक बहीण आहे. त्यानंतर ती पाचवीत आहे. अखेरीस ती मला आवडते.’ तिने माझं मन राखायला ते शब्द पेरले होते. फळा मी त्याच दिवशी पुसला.

‘मग’ काढायचा असेल तर त्याच्या जागी मराठीने दिलेली साधी जोडणी आणा. तिसरीपर्यंत मी तीनच शिकवते. पहिली ‘-ऊन’ची: ‘मी दप्तर घेतलं मग मी पळालो’ याचं ‘मी दप्तर घेऊन पळालो’. दोन्ही कामं एकाच माणसाची असली पाहिजेत. मुलं जोडायला लागली की ‘आई येऊन मी जेवलो’ असं लिहितात आणि वाचल्यावर त्यांनाच हसू येतं. तिथे दुसरी जोडणी, ‘-ल्यावर’: ‘आई आल्यावर मी जेवलो.’ (‘पाऊस पडून रस्ता ओला झाला’ यात करणारे दोन आहेत तरी ‘-ऊन’ चालतं, हे तुमच्या ध्यानात असू द्या, मुलांना इतक्यात सांगायची गरज नाही.) तिसरी जोडणी म्हणजे ‘तेवढ्यात’, आणि हा शब्द मुलांना फार आवडतो, कारण त्यात धक्का आहे. ‘मी डबा उघडला. तेवढ्यात माकड आलं.’ एका वहीत एकदाच ‘तेवढ्यात’ वापरायचा असा मी नियम ठेवते. मग मूल वापरण्याआधी विचार करतं की माझ्या गोष्टीत खरा धक्का कुठला.

‘-ण्याआधी’ची मात्र घाई करू नका. ही जागा नीट समजून घेण्यासारखी आहे. वर्गात हे वाक्य वाचून दाखवा: ‘शाळेत जाण्याआधी मी गुरांना पाणी पाजलं.’ आणि विचारा, पहिलं काम कोणतं केलं? दुसरीतली बरीच मुलं ‘शाळेत गेला’ असं सांगतात. जे आधी ऐकलं ते आधी घडलं, असा त्यांचा हिशोब असतो. ईव्ह क्लार्क या भाषाअभ्यासकांनी 1971 साली इंग्रजी बोलणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हेच दाखवून दिलं होतं. मराठीत ही अडचण जास्त बोचते, कारण आपण ‘जाण्याआधी’चा तुकडा वाक्याच्या तोंडाशीच ठेवतो, नंतर घडलेलं आधी बोलतो. ‘-ऊन’ आणि ‘-ल्यावर’ घडलं त्याच ओळीने चालतात, म्हणून ते मुलांना लगेच जमतात. वरच्या गाईच्या गोष्टीतल्या मुलाने ‘यायच्या आतच’ सहज म्हटलं, कारण त्याच्या घरात ते बोललं जातं. तोच मुलगा पुस्तकातल्या ‘येण्यापूर्वी’ला अडला होता. जे तोंडात आहे ते लिहू द्या, जे फक्त पुस्तकात आहे ते चौथीपर्यंत थांबू द्या.

तसंच ‘काल’ आणि ‘परवा’. कितीतरी मुलांचा ‘काल’ म्हणजे झोपून उठण्याआधीचा कुठलाही दिवस असतो, दिवाळीसुद्धा काल. आणि ‘परवा’ तर आपणच मागे-पुढे दोन्हीकडे वापरतो. उद्याच्या पलीकडचाही परवा, कालच्या पलीकडचाही परवा. मोठ्यांना क्रियापदावरून कळतं, मुलांना नाही. वर्गात एक दोरी बांधून तिला आठवड्याचे सात कागद चिमट्यांनी लावून ठेवा आणि रोज सकाळी आजचा चिमटा सरकवा. गोष्ट सांगताना मूल त्या दोरीकडे बोट करून सांगतं: ‘ह्या सोमवारी नाय, त्याच्या मागच्या.’ वाक्य लिहिण्याआधी त्याचं बोट बरोबर जागी पोचलेलं असतं.

गोष्टी कुठल्या सांगाव्यात, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. आपल्या आजीबाईंच्या साखळीच्या गोष्टींइतकं चांगलं साधन मला मिळालेलं नाही. उंदराला चिंधी सापडते. तो ती धोब्याकडून धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, गोंडे लावतो आणि मग राजापुढे जाऊन मिरवतो. या गोष्टीची चित्रं मिसळून द्या आणि ‘शिंपी आधी आला तर?’ असं विचारा. एका मुलीने मला सांगितलं, ‘मळकी टोपी झाली आस्ती, नंतर धुतली आस्ती तर चाललं आस्तं. पण राजा आधी नाय चालनार.’ केवढा विचार आहे त्यात! कोणती कडी हलते आणि कोणती हलत नाही, हे तिला कळलं. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्टही अशीच आहे. म्हातारी भोपळ्यात का बसली, याचं उत्तर द्यायला जातानाच्या वाटेवर भेटलेल्या वाघापर्यंत मागे जावंच लागतं. मुलं हे मागे जाणं ऐकता ऐकता शिकतात.

लिंबूसरबत किंवा भेळ करायला लावून त्याची कृती लिहून घेण्याचा पाठ आपण सगळेच घेतो. जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. सरबताचा क्रम कामाने ठरवून दिलेला असतो. तिथे कोणाला भीती वाटत नाही, कोणाचं काही हरवत नाही. कृती सुरेख लिहिणारी मुलं गोष्टीत तशीच चाचपडताना मी पाहिली आहेत. पण सरबतात साखरेऐवजी मीठ पडलं, तर त्या दिवशी पाठ बदला आणि ती गोष्टच लिहून घ्या.

तपासण्याबद्दल थोडं. पेन्सिल घ्या आणि वहीच्या कडेला जास्तीत जास्त दोन प्रश्न लिहा: ‘डॉक्टरांना बोलवायला कोण गेलं?’, ‘इथे मी थांबले. कुत्रं घरात आलं कुठून?’ यापेक्षाही भारी पडतो तो मुलांचा अभिनय. एकाने आपलं लिखाण वाचायचं आणि दुसऱ्याने जसंच्या तसं करून दाखवायचं, मनाचं काही घालायचं नाही. ‘मी झाडावर चढलो. माझ्या पायाला पट्टी बांधली.’ करणारा मुलगा खुर्चीवर चढतो आणि तिथेच पाय पुढे करून उभा राहतो. सगळा वर्ग ओरडतो, ‘अरे, आधी पड तरी!’ लिहिणारा तिथल्या तिथे वही ओढून ‘मी पडलो’ लिहितो. मी दहा वेळा सांगून जे झालं नसतं ते एका मिनिटात होतं. फक्त लाजऱ्या मुलाचं लिखाण पहिल्यांदा यासाठी घेऊ नका. त्याला आधी दुसऱ्यांची पाहू द्या.

वेळ कुठून आणायचा हाही प्रश्न आहेच. 2021 साली निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-लेखन-गणिताचं अभियान आल्यापासून तिसरीअखेर मिनिटाला निदान 60 शब्द समजून वाचता आले पाहिजेत याकडे सगळ्यांचं लक्ष आहे, आणि ते असायलाही हवं. मी आठवड्यात गोष्टीला चार वेळा वीस-वीस मिनिटं देते. सोमवारी सांगणं, मंगळवारी घडीची चित्रं, बुधवारी लिहिणं, शुक्रवारी वाचणं आणि करून दाखवणं. गुरुवारी गोष्टीचं काही नाही, आणि तो मोकळा दिवस फार उपयोगी पडतो. मुलं शुक्रवारी येतात ती ‘बाई, एक राहिलंच’ म्हणत येतात. वाचनाचंही नुकसान होत नाही, कारण एकमेकांच्या गोष्टी मुलं आपणहून पुन्हा पुन्हा वाचतात. दोन महिने हे नेमाने केलं तर वह्यांत फरक दिसू लागतो. त्याआधी दिसला नाही म्हणून सोडू नका. काही मुलांना वर्ष लागतं, विशेषतः जी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखं इतरांपेक्षा जास्त असतं. त्यांना पुन्हा पहिल्या चौकोनात उभं राहायला बोलवायचं, एवढंच.

राहिल्या तुमच्या शिवनेरीच्या वह्या. त्या परत लिहायला देऊ नका, त्यावर क्रमांकही घालू नका. सोमवारी वाटा आणि प्रत्येकाला आपल्याच लिखाणातल्या एका वाक्याखाली रेघ मारायला सांगा, ज्याबद्दल त्याला अजून खूप सांगायचं आहे. परतीपासून सुरुवात करणारा मुलगा कशाखाली रेघ मारतो ते बघा. त्याने ‘घरी आलो’ हेच वाक्य निवडलं तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा की दार कोणी उघडलं. कदाचित त्याची गोष्ट गडावर घडलेलीच नसेल.